इद्रीस चाचांची बिजली

फौजेतून मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. चोवीस वर्षं खेचरांच्या कंपनीत काढली. जिथे गाडी जात नाही तिथल्या पोस्टवर रेशन, रॉकेल आणि दारूगोळा पोचवायचं काम. आमचं पुराणिकांचं घर बनारसला, मंगला गौरीजवळ. वडील वेदपाठी होते आणि थोरला भाऊ अजून घरी मुलांना संथा देतो. अशा घरातला मुलगा खेचरांमागे गेला, हे नातेवाइकांना आजतागायत पचलेलं नाही. पितृपक्षात पानावर बसलो की कोणीतरी विचारतंच, "काय रे गजानन, खेचरं काय म्हणतात?" मी सांगतो, तुमच्यापेक्षा कमी बोलतात.

निवृत्तीनंतरचे आठ महिने वाईट गेले. पाचला डोळे उघडायचे आणि पुढे करायचं काय ते कळायचं नाही. बायकोच्या डब्यांवर मी लेबलं लावली, भावाच्या नातवाचे बूट एका रेषेत ठेवले. शेवटी ती म्हणाली, "अहो, घरात परेड चालू आहे असं वाटतं मला. बाहेर कुठे तरी काम बघा, मी हात जोडते." त्याच आठवड्यात डॉक्टर मिश्रांचा फोन आला. या बाई फिजिओथेरपिस्ट. रामनगरच्या पुढे, गंगेकडच्या मोकळ्या जागेत त्यांनी मुलांसाठी घोड्यांचं केंद्र उघडलं होतं, आणि त्यांना जनावरं ओळखणारा माणूस हवा होता.

ज्या मुलांचे पाय, कंबर, मान ताब्यात नसते अशांना तिथे घोड्यावर बसवतात. घोडा संथ चालला की त्याच्या पाठीवरच्या मुलाची कंबर अशी हलते की जणू मूल स्वतःच चालतं आहे. हळूहळू अंगाला ते वळण पडतं. मला आधी हे सगळं थोतांड वाटलं होतं. पंधरा दिवस डोळ्यांनी पाहिलं आणि गप्प बसलो.

माझी रिपोर्टिंगची वेळ सहा चाळीस. घरून निघून पूल ओलांडायचा आणि स्कूटर कडुनिंबाखाली लावायची. मग खूर साफ करणं, खरारा, पाणी, दाणा. साडेसातला पहिलं मूल. एका मुलामागे तीन माणसं: एक पुढे रस्सी धरणारा, दोघं दोन्ही बाजूंना मुलाच्या मांडीवर हात ठेवून चालणारे. खोगीर नाही, रिकीब नाही. जाड गादी आणि पट्ट्याला एक कडं, मुलाने धरायला. वीस मिनिटं गोल चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. या कामात घाई करणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी घरी पाठवतो.

घोडे दोन होते, मोती आणि बादल. तिसरी घोडी, बिजली, माझ्यानंतर आली आणि तिच्याबरोबर तिचे साईस, म्हणजे मोतद्दार, इद्रीस चाचा आले. चाचा सत्तरीचे. उभा जन्म बनारसच्या गल्ल्यांमधून वरातीच्या घोड्या चालवण्यात गेला होता. गुडघे दुखायला लागले, रात्रीच्या वराती झेपेनात; मालकाने घोडी विकली तेव्हा चाचांनी स्वतःलाही तिच्याबरोबर देऊन टाकलं. मला ते हवलदार साहब म्हणत. आमचं रोज वाजायचं. फौजेत रस्सी खांद्याजवळ, आखूड आणि घट्ट धरायची असते. चाचा ती सैल धरत, नातवाचं बोट धरावं तशी. मी म्हणायचो, "चाचा, रस्सी छोटी." ते म्हणायचे, "साहब, ये पहाड़ नहीं है." आणि सैलच धरायचे.

बिजली आली त्या दिवशी मी तिची नोंद केली. फौजेत प्रत्येक जनावराचं रजिस्टर असतं, मी तसंच इथे केलं होतं. नाव, वय, रंग, उंची आणि शेवटी ऐब, म्हणजे जनावराची खोड.

"चाचा, कोई ऐब?"

"तौबा. काटती नहीं, लात नहीं चलाती, अड़ती नहीं. भीड़ में खड़ी कर दो, सो जाएगी."

मी ऐबाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं. तरी माझा स्वतःवरच विश्वास असतो, दुसऱ्याच्या शब्दावर नाही. तीन दिवस चाचणी घेतली. तिच्या कानाशी थाळी बडवली, तोंडासमोर छत्री उघडली, फटाक्यांची माळ लावली, मोबाइलवर बँडचं गाणं मोठ्याने लावलं. बाई चारा चघळत उभी. चाचा लांब बसून हसत होते. चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं, घोडी पास.

तिच्यावर पहिली बसली ती जुई. नऊ वर्षांची. वेळेआधी जन्मलेली, पाय ताठ आणि पाठीत जोर नाही. खुर्चीत बसवली की दोन मिनिटांत ओल्या टॉवेलासारखी खाली घसरायची. जिभेलाही जडपणा होता, पण डोक्याने भलतीच तल्लख. तिचे वडील बँकेत, अमरावतीहून बदली होऊन आलेले. आई अश्विनी रोज तिला रिक्षाने घेऊन यायची. पहिल्याच दिवशी तिने मला बाजूला घेतलं.

"काका, घराजवळच्या शाळेत मी विचारून आले. त्या म्हणाल्या, आधाराशिवाय दोन पिरियड बेंचवर बसली तर एप्रिलमध्ये घेऊ. नाही तर आमच्याकडे सोय नाही."

"दोन पिरियड म्हणजे किती?"

"सत्तर मिनिटं. मला चमत्कार नको आहे काका. मला सत्तर मिनिटं हवी आहेत."

मला हे बोलणं आवडलं. टार्गेट स्पष्ट होतं. राइडनंतर जुईला लाकडी बाकावर बसवायचं आणि मी घड्याळ लावायचं, असं ठरलं. ऑक्टोबरमध्ये चार मिनिटं. दिवाळीनंतर अकरा. जुईला बिजलीच हवी असायची, बादलवर बसवलं तर तोंड फुगवायची. चाचा पुढे चालताना तिला गोष्टी सांगत, कुठल्या नवरदेवाची पगडी कशी उडाली, कोण घोडीवरच झोपला. ती हसायची, आणि हसताना पाठ सरळ ठेवावी लागते. हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. चाचांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यांना ते आपोआप जमत होतं.

एकदा जुई मला म्हणाली, "काका, तुम्ही बिजलीशी हिंदी का बोलता?"

"तिला मराठी येत नाही."

"तुम्हालाही येत नाही."

अश्विनी कुंपणाशी तोंडाला पदर लावून हसली. आम्हा बनारसवाल्यांच्या मराठीवर अमरावतीकर हसतात, असू दे. जानेवारीच्या शेवटी घड्याळ छत्तीस मिनिटांवर आलं होतं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. लग्नसराई जोरात. सकाळी आठ पंचवीसला जुई बिजलीवर होती. चाचा पुढे, मी डावीकडे, उजवीकडे डॉक्टरांची एक विद्यार्थिनी. अश्विनी नेहमीसारखी कुंपणाशी. आमच्याकडे लग्न झालं की दुसऱ्या दिवशी घरच्या बायका नव्या जोडप्याला घेऊन गंगापूजेला जातात, पुढे ढोल, मागे गाणी. अशी एक मिरवणूक रस्त्याने आली. रोजचंच आहे ते, मी मान वळवूनही पाहिलं नाही. ढोलवाले दोघे होते. आमच्या फाटकाशी आल्यावर पोरांना घोडी दिसली असावी. त्यांनी ठेका बदलला.

बिजलीने मान उचलली आणि पुढचे पाय जमिनीवर आपटायला लागली, एकदा डावा, एकदा उजवा. मला वाटलं बुजली. मी ओरडलो, "चाचा, रस्सी छोटी. खींचो."

पुढचे पाय हातभर वर गेले. जुई मागे कलली. मी पुन्हा ओरडलो, "खींचो, खींचो."

चाचांनी रस्सी सोडून दिली.

हे मी स्वतः पाहिलं. त्यांनी मूठ उघडली आणि रस्सी जमिनीवर पडली. मग म्हातारा तिच्या छातीखाली शिरला, खांदा लावला आणि तळहात तिच्या नाकावर ठेवला. "बस बेटी. बस. हो गया." बिजली खाली आली. येताना तिचा खूर चाचांच्या मांडीवर, कमरेच्या जोडाशी बसला. ते आडवे झाले. घोडी तिथेच थांबली, थरथरत, पण पाय न उचलता. मी जुईला खाली घेतलं. कडं तिने इतकं घट्ट धरलं होतं की तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती पडली नव्हती. त्या सगळ्या गोंधळात ती पाठ धरून बसून राहिली होती.

आठ बत्तीसला ॲम्ब्युलन्सला फोन केला. नऊ पाचला चाचांना नेलं. कमरेचं हाड मोडलं होतं.

अश्विनी माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जुईला शालीत गुंडाळून ती एवढंच म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला होतात घोडी पास आहे." मग, "आणि त्यांनी दोरी कशी सोडली? माझं मूल वर होतं." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

त्या दुपारी मी डॉक्टरांना लेखी रिपोर्ट दिला. त्यात लिहिलं: 'ढोलाच्या आवाजाने घोडी बुजली. साईसाच्या हातून रस्सी सुटली.' लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. पहाडात आमच्या कंपनीचा लान्स नायक सुखदेव गेला तो रस्सी सुटल्यामुळेच. अरुंद वाट, बर्फ, खेचराने मान वर केली, रस्सी हातातून गेली, आणि ते फिरताना त्याच्या धक्क्याने सुखदेव दरीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच नियम होता: जनावर उठलं की रस्सी आखूड कर आणि खेच. पुढच्या नोकरीत तो नियम मी शेकडो रंगरुटांना पाठ करायला लावला.

शनिवारी हॉस्पिटलला गेलो. चाचांचा पाय वजनाला टांगलेला. मला पाहून पहिला प्रश्न विचारला, "बिटिया गिरी तो नहीं?"

"नाही. नहीं गिरी."

"अल्लाह का करम." मग म्हणाले, "साहब, मैं खींचता तो और चढ़ती. वही तो इशारा है. ढोल बजे, रस्सी खिंचे, तो नाचती है. बचपन से सिखाया है. मैंने ही सिखाया."

मी म्हणालो, "चाचा, नाचती है, तो बताया क्यों नहीं?"

म्हातारा माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच खुळा आहे. "आपने ऐब पूछा था. नाचना ऐब थोड़े है. हुनर है."

फौजेच्या रजिस्टरात ऐबाला रकाना आहे, हुनराला नाही. जनावराला काय वाईट येतं ते आम्ही विचारतो. काय चांगलं येतं ते विचारायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. चाचांना पाच वर्षं कोणी तिला नाचवायला सांगितलं नव्हतं, त्यांना वाटलं ती विसरली. आणि मोबाइलवर बँड लावला तेव्हा रस्सी कोणी ताणली नव्हती. त्या गुरुवारी मी ताणायला सांगितली. पहिल्या हाकेला त्यांनी सवयीने थोडी ताणली, तेव्हा पाय हातभर वर गेले. दुसऱ्या हाकेला त्यांनी माझा हुकूम मोडला. मोडला नसता तर बिजली पूर्ण उभी राहिली असती आणि जुई मागे पडली असती, डोक्यावर.

हे शनिवारी मला कळलं. आणि पुढचे नऊ दिवस मी कोणालाही सांगितलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते, पण लिहायलाच हवं. रिपोर्ट डॉक्टरांच्या फायलीत होता. केंद्रात जो तो म्हणत होता, म्हाताऱ्याच्या हातात जोर राहिला नव्हता. मी ऐकत होतो आणि दाणा मोजत होतो. चाचांनी तर खरं कोणालाच सांगितलं नाही. दहाव्या दिवशी हॉस्पिटलात चाचांची बायको, चाची, भेटली. ती म्हणाली, "ये कहते हैं, रस्सी हमसे छूट गई. आप तो थे साहब, छूटी थी?"

मी तिथून निघालो तो सरळ डॉक्टर मिश्रांकडे. रिपोर्ट परत मागितला आणि नवा लिहिला. 'हुकूम चुकीचा होता. हुकूम हवालदार पुराणिक यांचा. साईसाने रस्सी जाणूनबुजून सोडली आणि मुलीचा जीव वाचवला.' डॉक्टरांनी वाचला. त्या म्हणाल्या, "पुराणिकजी, ये पहले दिन लिखना था." मी म्हणालो, "जी."

संध्याकाळी पाचला अश्विनीच्या घरी गेलो. जुई सोफ्यावर उशांच्या मध्ये पडून होती. बारा दिवसांत पाठ पुन्हा सैल झाली होती, बघवत नव्हतं. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, पहिल्या हाकेपासून नऊ दिवसांपर्यंत. सांगून झाल्यावर अश्विनी म्हणाली, "म्हणजे मी इतके दिवस त्या माणसाला शिव्या घालत होते."

"हो. माझ्यामुळे."

"तुमच्यामुळेच," ती म्हणाली. मग आत गेली, बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात जुईचे बूट होते. "उद्या आम्हाला तिकडे घेऊन चला. आधी हॉस्पिटल."

दुसऱ्या दिवशी सकाळी जुईला चाचांच्या खाटेच्या कडेवर बसवलं. चाचांचा आवाज तोवर खोल गेला होता, छातीत कफ भरत होता. ते म्हणाले, "बैठ के दिखाओ बिटिया." ती बसली. मी घड्याळ लावलं नव्हतं, चाचांनी बोटांवर मोजलं. घोडी विकायचं केंद्रात बोलणं चाललं होतं, ते येताना मी अश्विनीला सांगितलं होतं. जुईने विचारलं, "चाचा, बिजलीला विकणार?" मी त्यांना हिंदीत सांगितलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"नाही विकणार, डॉक्टरांशी मी बोलतो," मी आधी मराठीत, मग हिंदीत म्हणालो. "पण तिच्यावर कोणी बसणार नाही. खरारा मुलं करतील."

"ठीक है," चाचा म्हणाले. "वो खरारा पसंद करती है. बाईं तरफ़ ज़्यादा."

जुई पुन्हा यायला लागली, मोतीवर. राइडआधी दहा मिनिटं ती आईच्या आधाराने कठड्याला टेकून उभी राहायची आणि बिजलीला डावीकडून खरारा करायची. मोतीवर बसताना पहिले दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी गोष्ट सांगा म्हणाली. मला गोष्टी येत नाहीत. मी खेचरांच्या सांगितल्या. तिला आवडल्या असाव्यात, निदान तिने तक्रार केली नाही. मार्चच्या मध्यावर घड्याळ पन्नासवर आलं.

इद्रीस चाचा एकवीस मार्चला पहाटे गेले. ऑपरेशन झालं होतं, पण झोपून झोपून न्यूमोनिया झाला. रामनगरकडच्या कब्रस्तानात दफन केलं. खांदा द्यायला आम्ही केंद्रातले सगळे होतो. घरी परतलो तेव्हा भावाने बादलीत पाणी काढून ठेवलं होतं, आंघोळीसाठी.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाळेने बोलावलं. मला आत येऊ दिलं नाही, बरोबरच आहे, मी कोण. मी आणि अश्विनी बाहेर व्हरांड्यात उभे. नऊला घंटा झाली. नऊ पस्तीसला दुसरी झाली. अश्विनी माझी बाही धरून होती, तिला ते कळतही नव्हतं. मी पहाडात वाट बघितली आहे, गोळीबारात बघितली आहे, पण अशी नाही. दहा दहाला तिसरी घंटा झाली आणि बाई दार उघडून बाहेर आल्या. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. आत जुई बेंचवर बसलेली होती, दोन्ही हात समोर, पाठ सरळ, आणि चेहरा घामाने ओला.

अश्विनी तिला उचलायला धावली. जुई म्हणाली, "थांब ना. मी बसते अजून."

अकराला मी कब्रस्तानात होतो. एकटाच. माती अजून खचली नव्हती, डोक्याशी कोणीतरी सब्जा लावला होता, चाचीने असेल. तिथला माळी नळी घेऊन पाणी घालत होता. त्याने मला बुटांपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "आपके कौन थे?"

फौजेत जो शिकवतो त्याला उस्ताद म्हणतात. मला लोक वीस वर्षं उस्ताद म्हणत होते.

"उस्ताद," मी म्हणालो.

माळी बाजूला झाला. मी सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट दिला, जसा सीनियरला देतात, मोठ्या आवाजात. "चाचा, जुई. दो पीरियड. बिना सहारे. अभी भी बैठी है."